लाटेचा टी-शर्ट

३ तारीख, मंगळवार

अंगात त्राण नाही. दिवसभर कारखान्यात छपाईच्या फ्रेमवर निळा रंग ओढला — गडद निळा, फिका निळा, मग राखाडी. तीच ती जपानी लाट, खाली होड्या, मागे एवढासा डोंगर. म्युझियमच्या दुकानासाठी चारशे टी-शर्ट. लोक हे चित्र बघून हरखतात म्हणे. हरखोत बापडे!

एका टी-शर्टवर शाईचा डाग पडला. मालक म्हणाले, "घेऊन जा घरी." ह्यांना होईल. हे चित्र आमच्याकडे पहिल्यांदा छापलं तेही ह्यांनीच, पंधरा वर्षांपूर्वी. मी तेव्हा नुसत्या घड्या घालायचे. छपाईची फ्रेम बनवायला ह्यांनीच शिकवलं. आता झटका आल्यापासून उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आठ महिने झाले.

४, बुधवार

ह्यांना तो टी-शर्ट घातला. दहा मिनिटांत डाव्या हाताने ओढून गळ्यापर्यंत नेला. परत खाली केला, परत ओढला. लहान मूल परवडलं.

६, शुक्रवार

तोच तमाशा. बटणांच्या शर्टात उजवा हात जात नाही, सैल असा हा एकच, आणि ह्याच्याशीच वैर! छातीवर बोट घासत राहतात — नेहमी एकाच दिशेने. खाजत असेल म्हणून पावडर लावली, नखं कापली. तरी तेच. वर घशातून आवाज काढून माझ्यावर डोळे वटारणं.

"पुरे करा! मीही माणूस आहे!" असं ओरडले. मग मलाच रडू फुटलं.

८, रविवार

दीर आले. शुश्रूषा केंद्रात सोळा तारखेला एक जागा रिकामी होतेय. अर्ज पुढे ठेवला. "वहिनी, दादाला आता काही कळत नाही. तुम्ही कशाला झिजताय?"

ह्यांच्या खाटेशीच बसलो होतो. मीही बोलून मोकळी झाले. भावजी, मला नाही होत आता. कधी कधी वाटतं, हे सुटले तर मी पण सुटेन. हे तेव्हा टी-शर्टशी झगडत होते. दीर म्हणाले, "बघा ना..."

सही केली नाही अजून. करीन.

९, सोमवार

दमले. बाकी काही नाही.

१२, गुरुवार

म्युझियमच्या दुकानातली बाई टी-शर्टांचा खोका घेऊन कारखान्याच्या दारात! लाट उलटी छापलीय म्हणे. मूळ चित्रात ती डावीकडून उसळते, आमच्या टी-शर्टवर उजवीकडून. कोपऱ्यातली जपानी अक्षरंही आरशात दिसावीत तशी. फ्रेम बनवताना प्रत्येक रंगाची चित्राची फिल्म मीच पालथी ठेवली होती. एकूण एक! म्हणून रंगावर रंग बरोबर बसला आणि कुणालाच पत्ता लागला नाही. ती अक्षरं वाचतंय कोण इथे? मालक तोंडाला येईल ते बोलले. पुन्हा चारशे ओढायचे.

खाली मान घालून ऐकत होते, आणि एकदम डोक्यात आलं — ते बोट! लाटेच्या उलट दिशेने जायचं ते बोट. पहिल्या दिवसापासून हे मला माझी चूक दाखवत होते. मी पावडर लावत होते.

१३, शुक्रवार

खात्री करून घेतली. नव्याने छापलेला एक टी-शर्ट आणि चुकलेला एक, दोन्ही ह्यांच्यासमोर धरले. "कुठला बरोबर?" बोट थेट नव्या टी-शर्टवर. हात बदलले. पुन्हा तोच! पाच वेळा केलं, पाचही वेळा बरोबर. मी हसत सुटले, ह्यांचे मुके काय घेतले — ह्या वयात!

दीरांना सांगावं म्हणून फोन घेतला आणि तसाच खाली ठेवला. ह्यांना सगळं कळतंय. म्हणजे रविवारचं बोलणंही कळलं.

१५, रविवार

आज ह्यांनाच विचारलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा.

इथेच राहायचं ना? मान हलवली — नाही.

तिकडे, केंद्रात जायचंय? हो. पुन्हा विचारलं. हो.

"माझ्यासाठी म्हणताय?"

ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.