तेवीस लिटरचा संशय

१६ फेब्रुवारी, रविवार
रेड वाइनचा किट आणला. रसाची पिशवी, यीस्टचं पाकीट, ओकच्या लाकडाचा भुसा. सहा आठवड्यांत तीस बाटल्या. खोक्यावरच छापलंय, म्हणजे प्रश्न मिटला. १२ एप्रिलला लेकीच्या, गिलियनच्या साखरपुड्याचं जेवण आपल्याकडे. टेबलावर दुकानातली एकही बाटली दिसणार नाही, असं व्याह्यांना फोनवर सांगून टाकलं. नॉरीन म्हणाली, "आधी कर, मग सांग." बायकोचा विश्वास नसणं थोरामोठ्यांच्या नशिबी असतंच.

१७ फेब्रुवारी
तळघरात बादली भरली. तेवीस लिटर. बाहेर उणे चौदा, म्हणून बादली हीटरला चिकटवून ठेवली. सूचनांत 'उष्णतेपासून दूर' असं काहीतरी आहे. ते गरम देशांसाठी असावं. आमच्या हॅमिल्टन शहराला लागू नाही.

२० फेब्रुवारी
बुडबुडे! शेजारचा आमादेउ कुंपणाशी आला. हा वीस वर्षं गॅरेजात खऱ्या द्राक्षांची वाइन करतोय आणि वीस वर्षं मी ती पितोय. किटचं ऐकून हसेल वाटलं. हसला नाही. हळूच विचारलं, "विल्फ, वास कसा येतोय रे?"
का विचारलं?

२२ फेब्रुवारी
पुन्हा तेच. "आज कसला वास? फळाचा की पावाचा?" मी म्हटलं, "चांगला." याहून जास्त एक अक्षर सांगणार नाही. गोड बोलून गुपित काढायचं चाललंय.

१ मार्च
आमादेउ बर्फ उपसायचं फावडं परत करायला आला. फावडं नेलं नोव्हेंबरात, आठवण आत्ता! तळघरात येऊ का, म्हणाला. मी जिन्यात आडवा उभा. मग तो तिथंच डोळे मिटून, नाक वर करून उभा राहिला. विमानतळावरच्या कुत्र्यासारखा. नोंद केली.

३ मार्च
वाइन काचेच्या बुधल्यात काढली. तळघराला नवं कुलूप. बुधल्यावर पेनानं रेघ मारली. आता रोज झाकण उघडून बघतो, कोणी झाकण उघडत नाही ना.

११ मार्च
रेघेखाली दोन बोटं! नॉरीनला दाखवलं. म्हणाली, "रोज खाली जाऊन चमचा चमचा चाखतं कोण?" मालकानं चाखणं ही तपासणी. ती हिशेबात धरत नाहीत.

१९ मार्च
वास जरा तिखट. नॉरीनच्या मते सरळसरळ व्हिनेगर. माझ्या मते वाइन तरुण आहे, अंगात मस्ती आहे. आणि व्हिनेगर असलंच, तर कोणीतरी काहीतरी टाकलंय. कोणी, ते उघड आहे. संध्याकाळी कुंपणावरून स्पष्ट सांगितलं, "माझ्या तळघरात तुझं काहीएक काम नाही, आमादेउ." तो "बरं," म्हणाला आणि आत गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा 'ये, कॉफी घे' म्हणाला नाही. अपराधी मन, दुसरं काय. साखरपुड्याच्या यादीतून नाव काढलं.

२९ मार्च
बाटल्या भरल्या. सव्वीस. चार गेल्या कुठे? कुंपणापलीकडे कोणीच दिसत नाही. दहा दिवस दिसलेलं नाही. मी काही वाट बघत नाहीये.

१२ एप्रिल
जेवण. दार उघडतो तर आमादेउ आणि त्याची बायको ल्युसिंदा. नॉरीननं मला न विचारता बोलावलेले. चारचौघांत काय बोलणार?
मी ग्लास उंचावला. सगळ्यांनी घोट घेतला. व्याही म्हणाले, "वेगळीच आहे," आणि पाणी मागितलं. गिलियननं ग्लास कुंडीत रिकामा केला. मी बघतोय हे तिला माहीत होतं. आमादेउनं मात्र ग्लास संपवला. दुसरा मागितला. मग तिसरा. डोळ्यांत पाणी! जाणकाराची दाद ही अशी असते.
नॉरीननं कपाटातून दुकानातल्या आठ बाटल्या काढल्या. फेब्रुवारीतच आणून ठेवलेल्या म्हणे. लोकांनी त्या संपवल्या, केवळ भिडेखातर.

१३ एप्रिल
ल्युसिंदानं नॉरीनला सांगितलं. ख्रिसमसच्या तापात आमादेउचं नाक गेलं. वास नाही, जेवण म्हणजे पुठ्ठा. सगळी गल्ली ज्याच्या नाकावर विसंबते त्यानं हे सांगायचं कुणाला? स्वतःच्या पिंपांपाशी उभं राहून काही येईना, म्हणून माझ्याकडे येऊन विचारायचा. वास कसा आहे ते नुसतं ऐकायला. आणि काल माझी वाइन जिभेला अशी झोंबली की चार महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी चव लागली.
उरलेल्या बाटल्या हव्यात, म्हणाला. सॅलडवर घालायला.
खोका घेऊन मीच गेलो. माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं, "फावड्याची काही घाई नव्हती रे." तो म्हणाला, "आत ये, कॉफी घे."

१० मे
चिलीची द्राक्षं यायला लागली. आमादेउला यंदा गॅरेजात भरवशाचं नाक हवंय. गेल्या आठवड्यात एका सकाळी दारात आला. ओळखलं मी. कोट चढवला, चष्मा पुसला.
"नॉरीन आहे का?" म्हणाला.
ती आता रोज दुपारी जाऊन पिंपं हुंगते. तो विचारतो, ती सांगते, दोघं पोट धरून हसतात. मला पेट्या उतरवायला बोलावलं होतं. द्राक्षांच्या पेट्या उतरवायला अनुभवी माणूसच लागतो.
आज एकतीस उतरवल्या. कंबर धरलीय.