पाच बंद दारांबद्दल

शुक्रवार, ८ तारीख

प्रिय आत्या,

दुरूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं सांग. मागच्या वेळी ‘बरा आहे’ असं लिहिलंस आणि अक्षर मात्र लंगडत होतं.)

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर मी लिहिलं होतं, की आमच्या ग्रंथपालांनी एका विद्यार्थिनीला वाचायला बसवून वाचनालयाचं दार लावून घेतलं. दार लागलेलं होतं, हे खरं. ते त्यांनी लावलं, हे खोटं. कोणी लावलं ते पुढे येईल. ते वाक्य लिहिताना माझे तीन कागद फाडून झाले आहेत.

तुला आठवत असेल, शाळेत बालसंरक्षणाचं नवीन धोरण आलं. चाळीस पानांचं. ती सगळी वाचणारी मी एकटीच निघाले, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी दारांची फेरी माझ्या गळ्यात घातली. नियम साधा आहे आणि चांगला आहे: खोलीत मोठं माणूस आणि मूल असेल तर दार उघडं हवं. मी दिवसातून तीनदा वरच्या मजल्यावर फिरायचं, प्रत्येक खोलीत डोकवायचं, बंद दार दिसलं की वेळेसकट नोंदवहीत लिहायचं. पहिले तीन आठवडे एकही दार बंद सापडलं नाही. मला इथेच संशय आला. इतकी माणसं इतकी सरळ वागतात म्हणजे त्यांना माझ्या फेरीच्या वेळा कळलेल्या असणार. मी वेळा बदलल्या. चपला बदलल्या (जुन्या वाजायच्या). चित्रकलेचे सर मला ‘मांजर’ म्हणू लागले, तेही मी तारखेसह टिपून ठेवलं.

मग दोन आठवड्यांपूर्वीचा तो सोमवार. दुसऱ्या फेरीत पाच दारं बंद, तीही ओळीने! संगीत, चित्रकला, प्रयोगशाळा, संगणक, वाचनालय. मला अगदी गहिवरून आलं, की आपला संशय वाया गेला नाही. पहिल्या चार खोल्यांत अख्खे वर्ग होते, म्हणून तिथे नुसती समज मिळाली. वाचनालयात मात्र ग्रंथपाल आणि चौथीतली एकच मुलगी. (आम्ही तिला चिमणी म्हणतो. तिला अजून वाचताना अडखळायला होतं, वर्गात मुलं हसतात, म्हणून ते तिच्याकडून वेगळं वाचून घेतात.) ग्रंथपाल कमी बोलतात, डबा एकटे खातात. एवढं मला पुरलं. मी नोंदवहीत लिहिलं, ‘दार आतून लावलेले’. ‘आतून’ मी कुठून आणलं, देव जाणे. त्यांना शाळेच्या समितीची चौकशी होईपर्यंत घरी बसवलं आहे. समुपदेशकबाई चिमणीशी बोलल्या, तिच्या आईशीही बोलल्या. वावगं काही निघालं नाही. आता सगळं त्या ‘आतून’वर अडलं आहे. चिमणी रोज मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या कुलपासमोर पुस्तक उघडून बसते. पान उलटत नाही.

मला मात्र वेगळीच शंका छळत होती. पाच माणसांनी एकाच सकाळी नियम मोडावा, म्हणजे यात कुणाचा तरी हात असणार. मी हजेरीपत्रक पाहिलं. त्या सोमवारी वरच्या मजल्यावरून एकच व्यक्ती गैरहजर: सफाईच्या मावशी. परवा मी वही उघडून त्यांना गाठलं आणि विचारलं, नेमकी त्याच दिवशी रजा कशी?

“अहो बाई, रजा होती म्हणूनच बंद राहिली की! एरवी मी तुमच्या मागून उघडत येते. तुम्ही डोकावता आणि जाताना दार ओढून घेता. मला वाटलं, तपासून झाल्याची खूण असेल.”

आत्या, हे कुठून आलं ते तुला सांगायला नको. नऊ वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे तुझी मधली खोली. आजोबांचा दमा, तीन दारांतून येणारा वारा, आणि मी बाहेर पाऊल टाकलं की तुझा आवाज: “दार!” पाढा चुकला तर तू सोडून द्यायचीस, दार राहिलं तर पुन्हा आत जाऊन बाहेर यायला लावायचीस. माझा मावशींवर विश्वास बसेना, म्हणून काल दोन्ही हात पाठीमागे बांधून फेरी मारली. तरी दोन दारं लागली. (पायाने.)

लगेच मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, “तुमची नोंदवही समितीला फार आवडली. खोडाखोड नाही, काही नाही. पुढच्या महिन्यात तुम्हाला कायम करायला हरकत नाही.” हे त्या सहज म्हणाल्या की काहीतरी ओळखून, यावर मी रात्रभर विचार केला. त्यांच्यापुढे मात्र ‘आभारी आहे’ एवढंच म्हणून बाहेर पडले, आणि पडताना दार… असो.

घरी सगळ्यांना नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझी,
भाची

ता. क. खरं काम हे. माझं मागचं पत्र त्याच सोमवारी दुपारी लिहिलेलं आहे, आणि तू सगळी पत्रं डब्यात ठेवतेस. दुसरं पान काढ. तिथे पहिल्या फेरीबद्दल मीच लिहिलं आहे: ‘दहा वाजून दहा. वाचनालय उघडे. चिमणी मोठ्याने वाचते आहे, ग्रंथपाल टेबलापलीकडे. सर्व ठीक. दार ओढून पुढे.’ ते पान मिळेल त्या टपालाने पाठव.

ता. क. २. पान वेळेवर आलं नाही तर ‘पुरावा नव्हता’ असं म्हणून मी गप्प बसेन, असा मला स्वतःबद्दल दाट संशय आहे. म्हणून मावशींना सोबत यायला सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, “येते. तुम्ही आत बोला, मी दार धरून उभी राहते. तुमचा काय भरवसा!” तेव्हा पान येवो न येवो, ‘आतून’ हा शब्द मी समितीसमोर माझ्या हाताने खोडणार आहे: गुरुवारी, चौदा तारखेला, सकाळी साडेदहा वाजता.