दिवा भरून द्या लागन काय?

नांदुरा. गुरुवार, १२ डिसेंबर १९६३.

आज अकोल्याहून विम्याचे साहेब आले. शेठजींची मोटार चारही बाजूंनी पाहिली अन मला विचारलं, "ड्रायव्हर, गाडी उभी होती ना?"

"हाव साहेब. अमडापूरच्या उतारावर, कडेले लावेल होती. एक पोरगा सायकलवर आला, त्याचे ब्रेक लागलेच नाहीत, समोरच्या दिव्यावर आदळला."

"म्हणजे तुझी चूक नाही. शेठजी, दिवा, काच, पत्रा, सगळं कंपनी भरून देईल. कोणाकडून काही मागायचं नाही."

शेठजी खूश. मला म्हणाले, "काऊन बे, तोंड काऊन पाडलं? सुटला ना तू!"

सुटलो कुठं. तो पोरगा माझ्याच वयाचा. त्या दिवशी त्याचं फुटलेलं डोकं मी मांडीवर घेतलं, तर मलाच विचारतो, "दादा, दिवा भरून द्या लागन काय?" विमा काय असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी गप राहिलो. काऊन राहिलो? खोटंच 'नाही' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? दवाखाना येईपर्यंत तो तेच विचारत होता. दिवा, दिवा. मग बोलणंच थांबलं.

लोणारला माझ्या घरी हे कळवलं नाही. कळवू तरी काय?

आज उत्तर मिळालं. रविवारी एस.टी.नं अमडापूरला जाऊन त्याच्या मायले सांगू काय, की त्याला काहीच भरायचं नव्हतं? ती म्हणेल, "बापू, माहा लेक गेला, अन तू मले दिव्याचं सांगाले आला?"

म्हणो बापडी. तरी जातो.