पंच्याऐंशीच्या लेन्सचं कुंकू

शनिवार, दिवेलागण. पांढुर्णा.

मारुतीराया,

नागपूरहून आल्या: कॅमेऱ्याच्या वापरलेल्या दोन लेन्स. पस्तीस एमएमची सोळा हजार, पंच्याऐंशीची सत्तावीस हजार. सूनबाई लग्ना-बारशांचे फोटो काढते. एक ठेवायची, दुसरी सोमवारी दुकानदाराला परत.

काल संत्र्याच्या बगीच्यात तिनं दोन्हींतून माझेच फोटो काढले. "आई, हसा न! फोटो काढून राहिली मी, दात नाही." पस्तीसच्या फोटोत मी, विहीर, वाळत घातलेली गोधडी, सारंच आलं. पंच्याऐंशीत मात्र मी एकटी स्पष्ट, आणि मागची संत्री विरघळून गोल गोल दिवे झालेली. जामसांवलीच्या देवळात गर्दीतून तू दिसलास की बाकी सारं असंच पुसट होतं.

लहान घरांतल्या कार्यांना कामाची पस्तीसचीच, आणि स्वस्तही. मला कळतं ते. "हीच ठेवू," म्हणून सूनबाई आज ती घेऊन सौंसरला बारशाला गेली. इकडे मी दुसरी देवापुढे ठेवली आणि हळदकुंकू लावलं. घरात वस्तू आली की लावतोच न आपण? पण ही तर परत जायची होती! कुंकू लेन्सच्या रबरी कड्याच्या खाचांत बसलं, पुसलं तरी लाली जात नाही. दुकानदार आता घेईल का?

हात सवयीनं गेला, की त्या संत्र्यांच्या दिव्यांसाठी? पुसतानाही तेच दिवे डोळ्यांपुढे होते.

मारुतीराया, ब्रशनं घासत बसू, की सूनबाई आल्याबरोबर कबूल करू? उत्तर मला ठाऊक आहे. तरी तिची गाडी यायच्या आत उलट टपाली कळव.