वगळलेली टेस्ट

रविवार, ९ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, म्हणजे ती ठीक आहे. मजकूर वाचून दाखवणाऱ्या तुझ्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या नव्या आवृत्तीचं कौतुक इथवर पोचलं. अभिनंदन.

ती लोकांसमोर मांडतानाच्या भाषणात तू म्हणालास, "चुका पकडणारं टेस्ट फ्रेमवर्क नव्याने लिहिलं नाही, होतं तेच वापरलं." होतं ते कुणी केलं, हे सांगायला वेळ पुरला नसेल. मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर कुठे कुठे अडखळतं, ते तपासणाऱ्या त्या सगळ्या टेस्ट माझ्या. असू दे. जगाला फुकट दिलेल्या गोष्टीवर हक्क सांगायचा नसतो. आयत्या पिठावर रेघोट्या ओढण्यात तू आधीपासूनच तरबेज. तुझ्या भूगोलाच्या वहीतले नकाशेही मीच काढायचे.

फोनवर मी "बाबा जरा पडले होते" एवढंच सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

नजर गेल्यापासून बाबा सगळं फोनकडून वाचून घेतात. त्यातलं ॲप तुझ्या लायब्ररीवर चालतं, हे ते दूधवाल्यालाही सांगतात. डॉक्टरांनी नव्या औषधाचं प्रमाण मेसेजने पाठवलं, ०.५ मिली. फोन म्हणाला, पाच मिली. बाबांनी मापाचं टोपण बोटाने चाचपून पाच भरलं आणि घेतलं. मी आले तेव्हा ते मोरीच्या दारात पडले होते. आता दवाखान्यातून घरी आणलंय, पण भिंत धरल्याशिवाय चालता येत नाही.

तो मेसेज मी पुन्हा लावून ऐकला. पाच मिली. दशांशचिन्ह गिळलं जाऊ नये म्हणूनची टेस्ट मी बाबांचाच विचार करून लिहिली होती. तुझ्या कोडमध्ये ती आहे. फक्त तिच्यावर 'वगळा' अशी खूण आहे, तू केलेली, भाषणाच्या आदल्या दिवशीची. ती नापास होऊन लाल दाखवत होती, म्हणून तू तिचं तोंड बंद केलंस आणि सगळं हिरवं असल्याचं लोकांना दाखवलंस.

बाबा काय म्हणतात, ऐक. "धाकट्याचं सॉफ्टवेअर चुकायचं नाही गं. माझेच कान गेलेत." डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना त्यांनी हेच सांगितलंय. कुणी काही बोललं की "काय म्हणालात?" म्हणून पुन्हा विचारतात. मंगळवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.

मला तुझा राग येतो, धाकट्या. परवा तुझा फोन आला, तो मी मुद्दाम उचलला नाही.

ती खूण काढून बदल तुझ्याकडे पाठवलाय. टेस्ट पुन्हा लाल आहे, आणि मंजुरी द्यायचा अधिकार तुझ्या एकट्याकडे आहे. आधी चूक दुरुस्त कर, हे ॲप आणखी कुणाकुणाचे बाबा वापरत असतील. मग मंगळवारच्या आत घरी ये आणि बाबांना स्वतःच्या तोंडाने सांग, की त्यांचे कान शाबूत आहेत. एवढं मात्र मी तुझ्यासाठी करून देणार नाही.

तुझे नकाशे काढणारी,
ताई