वरची वाडी, खालची वाडी आणि माझा भूगोल

गिरगाव, मुंबई
कार्तिक वद्य पंचमी, शके १८१४

तीर्थरूप नानामामांच्या पायी भाचा हेरंब याचा साष्टांग नमस्कार. थंडीत आपला दमा कसा आहे आणि मामींचे गुडघे काय म्हणतात, ते सवडीने कळवावे. इकडे सर्व खुशाल. मी मात्र एक लग्न मोडून बसलो आहे (माझे नव्हे, तेव्हा आईला काही लिहू नये).

झाले असे की, आपण हल्ली राहता त्या डोंगरी तालुक्याचा शाळेसाठी भूगोल लिहिणाराला येथील एका मंडळीने बक्षीस लावले. तालुका मी पाहिलेला नाही, पण ग्रंथकाराला ती अडचण नसते. (आम्हाला आफ्रिका शिकवणारे मास्तर कल्याणपलीकडे गेले नव्हते.) डोंगर, ओढे, हवापाणी हे सारे मी माडीवर बसून लिहून काढले. राहिले 'लोक व त्यांचे स्वभाव' हे प्रकरण. त्यासाठी आदितवारी परळला गेलो. गिरणीत कामाला असलेली तुमच्याकडची माणसे तेथे एका खोलीत राहतात. त्यांतला गुणाजी वरच्या वाडीचा, दगडू खालच्या वाडीचा. स्वतःच्या गावाबद्दल विचारले तर कोणीही बढाई मारील, म्हणून मी शास्त्रीय युक्ती केली. गुणाजीला खालच्या वाडीबद्दल विचारले आणि दगडूला वरच्या. दोघेही अगदी मोकळेपणी बोलले आणि मी शब्दन् शब्द उतरून घेतला.

पुढच्या आदितवारी जातो तो खोलीत ही गर्दी. गुणाजीच्या तुळसाला दगडूच्या लहूसाठी मागणी घातली होती आणि सुपारी फुटायचीच बाकी होती. इतकी जाणती माणसे आयती जमलेली पाहून मला राहवेना. मी प्रकरण मोठ्याने वाचले. "खालच्या वाडीचे लोक पाहुणा दिसताच चूल विझवतात. वरच्या वाडीचे लोक पालखीचा मान मागतात, पण उचलायच्या वेळी त्यांचा खांदा दुखतो." मी प्रामाणिक ग्रंथकार; प्रत्येक वाक्याखाली सांगणाराचे नाव घातले होते, तेही वाचले.

"आमी चूल इझवतो व्हय रं?" दगडू उठला.

"आन् आमचा खांदा दुखतो?" गुणाजीही उठला.

त्यांना जेवण घालणाऱ्या सुभद्राबाईंची दोन मडकी त्यात फुटली, सुपारी तशीच राहिली. दाराआड उभी असलेली तुळसा पदर तोंडाशी धरून रडत होती. मामा, तिच्याकडे पाहून मला फार वाईट वाटले.

शेवटी सुभद्राबाईंनीच तोड काढली. "मार्गशीर्षात द्येवाच्या पायरीवर, दोन्ही वाड्यांम्होरं तुमी म्हनायचं, ह्ये समदं मीच मनानं रचलं. मंग लगीन हुईल." साऱ्या ग्रंथात मी न रचलेले हे एकच प्रकरण, आणि तेच मी रचले म्हणून देवासमोर सांगायचे. तुळसासाठी मी कबूल झालो.

मामींस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
हेरंब

ता. क. वाडीपर्यंतचा चढ माझ्या ग्रंथात 'अल्प' दिला आहे. गुणाजी निराळेच सांगतो. मी आजवर चढलेला डोंगर म्हणजे मलबार हिल, तोही घोडागाडीने. तरी एक डोली ठरवून ठेवावी. भोई कोठल्याही वाडीचे चालतील, फक्त माझे प्रकरण त्यांच्या कानी गेलेले नसावे.

आणखी ता. क. ते प्रकरण काढून बाकीचा ग्रंथ पाठवला, त्याला बक्षीस मिळाले. परीक्षकांना त्यातले धबधब्याचे वर्णन इतके आवडले की, तो डोळ्यांनी पाहण्यासाठी तेही माझ्याबरोबर येत आहेत. आपल्याकडे एखादा धबधबा असल्यास उलट टपाली कळवावे.