नाव बाहेर राहिलेली नाणी

मांडू, आषाढ बदी ३

चि. पूरन यास अनेक आशीर्वाद.

सुलतान गेले हे चंदेरीत कळलंच असेल. आता दोन्ही शहजादे आपापल्या नावाची नाणी पाडा म्हणतात. गादी थोरल्यांचीच, मी त्यांचा ठसा कोरलासुद्धा. तूही तेच नाव घाल. भलत्या नावाचं नाणं पाडणाऱ्याचा हात जातो, हे विसरू नकोस.

आणि गाढवा, या वेळी तरी नाव नाण्यावर येऊ दे! ठसा मोठा, तांब्याचा तुकडा नखाएवढा, म्हणून काय कुठेही ठेवून घाव घालायचा? तुझ्या नाण्यावर नुसतं ‘सुलतान शाह’ उमटतं, वरचं नाव बाहेरच राहतं. माझं एक अक्षर बाहेर गेलेलं दाखव!

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादाभाई खेमराज

चंदेरी, श्रावण सुदी ९

ती. दादाभाईंच्या चरणी पूरनचा नमस्कार.

ठशावर थोरल्यांचंच नाव कोरलंय, तुमचा शब्द कसा मोडीन? पण तुकडा मुद्दाम खाली सरकवतो. सोमवारी थोरल्यांचा जमादार आला, गुरुवारी धाकट्यांचे स्वार. नाव कुठाय म्हणून दोघांनी डोळे वटारले. मी म्हटलं, हुजूर, मी पहिल्यापासूनचा ढिसाळ, कुणालाही विचारा. अख्ख्या बाजारानं हसत साक्ष दिली! तुमच्या शिव्यांचं चीज झालं बघा.

पण तुमच्या काळजीनं घास उतरत नाही. पाया पडतो, थोडे दिवस तुम्हीही चुका ना.

वहिनींना नमस्कार. रागावलात तरी पत्र धाडा.
आपला पूरन

मांडू, भादवा बदी ५

चि. पूरन यास आशीर्वाद.

अक्षर परकं बघून घाबरू नकोस. मी सांगतोय, शेजारचे जोशीबाबा लिहितायत.

तुझं ऐकलं रे. तीन दिवस चुकायला बसलो. तुकडा खाली ठेवायचो, घाव घालायच्या आत बोटं तो मधोमध आणायची. जन्मभराची खोड! मग धाकटे जिंकले, थोरले पळाले. नव्या वजिरानं माझी नाणी सतरंजीवर ओतून नाव मोठ्यानं वाचलं. इतकं सुबक अक्षर पाहिलं नव्हतं म्हणाला. मग उजवा हात घेतला.

रडू नकोस. माझं रडून झालंय. तुझी वहिनी दोन वेळा भरवते आणि जेवताना बडबडू नका म्हणून दटावते, म्हणजे सगळं ठीक आहे.

जखम भरली की आम्ही दोघं चंदेरीला येतोय. डावा हात शाबूत आहे, हातोडी उचलतो. तुकडा तू ठेवत जा. घाव मी घालीन.

दार उघडं ठेव.
दादाभाई